लक्सरच्या खग्रास सूर्यग्रहणासाठी वडोदऱ्यात सराव कसा करावा?

दांडियाबाजारकर (वडोदरा)
नमस्कार. २२ जुलै २००९ रोजी खग्रास ग्रहणाची सावली वडोदऱ्यावरून गेली, तेव्हा आमचे सारे घर पहाटेपासून गच्चीवर उभे होते. पावसाळी ढगांमुळे सूर्य दिसला नाही. नुकते उजाडलेले आकाश पुन्हा काळवंडले, एवढेच अनुभवता आले. ती रुखरुख अजून गेलेली नाही, म्हणून २ ऑगस्ट २०२७ रोजी मी इजिप्तमधील लक्सरला जाणार आहे. तेथे खग्रास अवस्था सहा मिनिटांहून अधिक टिकणार आहे. माझ्याकडे ५०० मिलिमीटरची लेन्स आणि साधा ट्रायपॉड आहे. खंडग्रास ग्रहणाचे फोटो मी सौरफिल्टर लावून काढले आहेत, प्रभामंडलाचे, म्हणजे खग्रास अवस्थेत सूर्याभोवती दिसणाऱ्या तेजोवलयाचे, मात्र कधीच नाहीत. एक्स्पोजर (सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचा वेळ) किती ठेवावे आणि सराव कसा करावा?

राजवाडा चौक (इंदूर)
एकच एक्स्पोजर पुरणार नाही. चंद्राच्या कडेच्या तांबूस ज्वाला व लगतचे प्रभामंडल बरेच तेजस्वी असते आणि बाहेरचे पदर त्याहून कितीतरी मंद असतात. म्हणून एफ ८ (लेन्सचे छिद्र) आणि आयएसओ २०० (सेन्सरची संवेदनशीलता) कायम ठेवून १/२००० सेकंदापासून प्रत्येक वेळी वेळ दुप्पट करत जावे आणि सर्व फोटो रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात घ्यावेत. साध्या ट्रायपॉडवर १/४ सेकंदाच्या पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो. आपल्या लेन्सने एका सेकंदात प्रतिमा सेन्सरवर कित्येक पिक्सेल पुढे जाईल आणि प्रभामंडलाचे नाजूक तंतू पुसट होतील. पौर्णिमेचा चंद्र दिसायला सूर्याएवढाच असतो, तेव्हा हा क्रम त्याच्यावर हातात बसेपर्यंत करावा.

लष्करवासी (ग्वाल्हेर)
चंद्रावरचा सराव आवश्यकच आहे, पण लक्सरची खरी अडचण निराळी आहे. ग्रहण भर दुपारी असून सूर्य क्षितिजापासून सुमारे ८२ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असेल. एवढ्या उंचीवर लेन्स वळवली की कॅमेरा ट्रायपॉडच्या पायांना अडतो, जड लेन्स हळूहळू खाली घसरते आणि पडद्यात पाहण्यासाठी जमिनीवर बसावे लागते. वडोदऱ्यात एप्रिलच्या अखेरीस दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळपास तेवढ्याच उंचीवर असतो आणि ऊनही तसेच कडक असते. त्या वेळी फिल्टर लावून गच्चीवर दीड तास संपूर्ण मांडणी चालवून पाहावी. उन्हाने लेन्स तापली की फोकस हलतो. त्यामुळे सकाळी फोकसच्या कड्याला चिकटपट्टी लावून निश्चिंत राहू नये. कॅमेऱ्यावर पांढरा कपडा घालावा आणि खग्रास अवस्थेच्या थोडे आधी, उरलेल्या कोरीच्या टोकांवर फोकस पुन्हा जुळवावा.

दांडियाबाजारकर (वडोदरा)
दोघांचेही मनापासून आभार. उंचीचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. फिल्टर नेमका कधी काढावा?

राजवाडा चौक (इंदूर)
हिऱ्याची अंगठी, म्हणजे सूर्य पूर्ण झाकण्याआधी कडेला चमकणारा शेवटचा ठिपका, फोटोत हवी असेल, तर खग्रास अवस्थेच्या काही सेकंद आधी काढावा; मात्र त्या क्षणी ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा मुळीच लावू नये, फक्त मागच्या पडद्यावर पाहावे. दुसऱ्या बाजूने उजेडाचा पहिला ठिपका फुटला की अंगठीचे फोटो घेऊन फिल्टर ताबडतोब परत बसवावा. फिरकीचा फिल्टर अशा घाईत अडकतो, म्हणून लेन्सवर टोपीसारखा बसणारा घ्यावा. खग्रास अवस्थेतील मधली निदान दोन मिनिटे कॅमेरा रिमोटवर सोडून आपण स्वतः वर पाहावे. तेवढ्या वेळात फिल्टरशिवाय नुसत्या डोळ्यांनी पाहणे सुरक्षित असते, आणि २००९ मध्ये ढगांनी हिरावले ते तेच दृश्य होते.