शब्दचर्चा : उतरंड, मान आणि मुभा

प्रश्न : अमेरिकी ॲनिमेशन मालिकांतील हायस्कुलांत कोण वर आणि कोण खाली हे ठरण्यात वंशाचा वाटा किती असतो, यावर लिहिताना ‘उतरंड’ हा शब्द योग्य ठरेल का?

उत्तर : योग्य ठरेल, पण तो एकटा पुरणार नाही. जातिव्यवस्थेवरील लेखनामुळे ‘उतरंड’ म्हटले की वरच्याचा भार खालच्याने वाहायचा, हा अर्थ मराठी वाचकाच्या मनात आपोआप येतो. मात्र या मालिकांत वर बसलेल्यालाही वंशाचा भार वाहावा लागतो, आणि ते या शब्दात येत नाही.

एमटीव्हीवर १९९७ ते २००२ या काळात चाललेली ‘डारिया’ पाहावी. लॉनडेल हायस्कुलातील जोडी लँडन ही कृष्णवर्णीय मुलगी हुशार आहे, लोकप्रिय आहे आणि शाळेच्या प्रत्येक उपक्रमात पुढे आहे. तरीही ती मालिकेची नायिका डारिया हिच्याजवळ कबूल करते की घरी ती नुसती जोडी असते, शाळेत मात्र तिला साऱ्या काळ्या मुलांचा आदर्श नमुना म्हणून वावरावे लागते. गोरी डारिया दिवसभर तुसडेपणाने वागली तरी तो तिचा स्वभाव मानला जातो. म्हणून मी येथे ‘मान’ आणि ‘मुभा’ असे दोन शब्द वापरीन : जोडीला मान आहे, पण चुकण्याची किंवा कंटाळण्याची मुभा नाही.

तिचा कृष्णवर्णीय मित्र मॅक शाळेच्या फुटबॉल संघाचा कर्णधार आहे. त्याच संघातला गोरा केविन त्याला सारखा ‘मॅक डॅडी’ म्हणतो आणि मॅक दर वेळी ‘तसे म्हणू नकोस’ असे बजावतो. कृष्णवर्णीयांच्या बोलीत हा शब्द बायकांवर छाप पाडणाऱ्याला, मुळात तर दलालाला लावला जात असे. केविनच्या मनात द्वेष नाही, पण कर्णधाराने वारंवार सांगूनही तो ऐकत नाही, आणि मला ही गोष्ट उघड शिवीपेक्षा अधिक बोचते. मालिकेचा समारोप करणाऱ्या २००२च्या दूरचित्रपटात जोडी आईवडिलांच्या पसंतीचे क्रेस्टमोर सोडून टर्नर हे परंपरेने कृष्णवर्णीयांचे असलेले कॉलेज निवडते, ते या मुभेसाठीच, असे मला वाटते.

पुरवणी प्रश्न : मग याला ‘वर्णद्वेष’ म्हणावे का?

उत्तर : लॉनडेलपुरते तरी म्हणू नये. जोडीचा तेथे कोणी द्वेष करीत नाही, उलट कौतुकच होते; म्हणून ‘वंशभेद’ अधिक नेमका.