एरोबॅटिक मॉडेलसाठी सर्वो निवडताना टॉर्क पाहावा की वेग?

प्रश्न
दीड मीटर पंखविस्ताराचे, विजेच्या मोटरवर उडणारे, रेडिओने चालवायचे एरोबॅटिक (हवाई कसरती करणारे) मॉडेल विमान बांधत आहे. दोन एलेरॉन (पंखांवरच्या, विमान कुशीवर वळवणाऱ्या झडपा), एलेव्हेटर (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी झडप) आणि रडर (शेपटीवरची, नाक डावी-उजवीकडे वळवणारी झडप) मिळून चार सर्वो, म्हणजे या झडपा हलवणारी छोटी मोटर-यंत्रे, लागतील. कंपन्यांच्या तक्त्यांत टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि वेग हे दोनच आकडे ठळक असतात, आणि एक वाढला की बहुधा दुसरा घटतो. लूप आणि रोल नेमके साधावेत, शिवाय पुढे थ्रीडी उड्डाणही (अगदी कमी वेगातल्या, झडपा खूप वळवून केलेल्या कसरती) शिकता यावे, अशी इच्छा आहे. चारही ठिकाणी एकच सर्वो चालेल का, आणि टॉर्क किती असावा?

उत्तर १
आपल्या आकाराच्या मॉडेलला ४ ते ६ किलो-सेंमी टॉर्क साधारणपणे पुरतो. मात्र तो आकडा कोणत्या व्होल्टेजचा आहे, हे आधी पाहावे. ७.४ व्होल्टला ६ किलो-सेंमी देणारा सर्वो ५ व्होल्टवर तेवढा जोर लावत नाही आणि मंदही होतो. शिवाय हा टॉर्क सर्वो अडून थांबतो त्या क्षणाचा असतो, त्यामुळे उड्डाणात त्याच्या जवळपासही जाण्याची वेळ येऊ नये.

माझ्या मते तक्त्यापेक्षा सर्वो आर्मकडे (सर्वोवर बसणाऱ्या, छिद्रे असलेल्या फिरत्या दांड्याकडे) अधिक लक्ष द्यायला हवे. ६ किलो-सेंमीचा सर्वो १५ मिमीवरच्या छिद्रातून पुशरॉडला (झडपेपर्यंत जाणाऱ्या सळईला) ४ किलोचा जोर देतो, तर ३० मिमीवरून फक्त २ किलोचा. पुष्कळ जण लांब आर्म बसवतात आणि हालचाल जास्त वाटली की ट्रान्समीटरवर ती ५० टक्क्यांवर आणतात. त्यात निम्मा जोर तर जातोच, पण हालचालीतला बारकावाही निम्मा होतो. त्यापेक्षा आखूड आर्म लावून ट्रान्समीटरची पूर्ण हालचाल वापरावी. थ्रीडीला ४५ अंश किंवा त्याहून जास्त वळण लागते आणि तेथे लांब आर्मला इलाज नसतो. जादा टॉर्कचा पैसा तेव्हाच सार्थकी लागतो.

उत्तर २
टॉर्कबद्दल सहमत आहे, पण एकच सर्वो सगळीकडे लावणे मला पटत नाही. नाइफ-एजमध्ये, म्हणजे पंख उभे करून कुशीवर उडताना, विमान रडरवर तोलले जाते, म्हणून सर्वांत दणकट सर्वो तेथे द्यावा. तो थोडा मंद असला तरी बिघडत नाही. एलेव्हेटरला मात्र मध्यावर अचूक परतणारा सर्वो हवा, आणि हा गुण कोणत्याही तक्त्यात छापलेला नसतो. स्टिक एकदा वरून आणि एकदा खालून हळूहळू मध्यावर आणावी आणि एलेव्हेटरची मागची कड दोन्ही वेळा एकाच रेषेवर थांबते का, ते पाहावे. कड वेगवेगळ्या ठिकाणी थांबत असेल, तर सर्वोला दोष देण्यापूर्वी क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची पकड) आणि हॉर्न (झडपेवरचा दांडा) यांमधील खेळ तपासावा. वेगाचे म्हणाल तर ६० अंशांना ०.१२ सेकंद पुरेसे आहेत.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. ईएससीमध्येच (मोटरच्या वेग-नियंत्रकातच) ५ अँपिअरचा बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्वोंना वीज पुरवणारा भाग, आहे. तो पुरेल ना?

उत्तर १
त्यावर विसंबू नये. अडलेल्या अवस्थेत प्रत्येक सर्वोने २ अँपिअर ओढले, तरी चौघांचे ८ होतात, आणि स्नॅप रोलमध्ये (झटक्यात घेतलेल्या गिरकीत) चौघेही एकदमच धावतात. अशा वेळी व्होल्टेज कोसळले तर रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तेवढ्या अवधीत विमान कोणाच्याच ताब्यात नसते. १० अँपिअरचा स्वतंत्र बीईसी घ्यावा. त्यानंतर प्रोपेलर काढून, मॉडेल टेबलावर ठेवून दोन्ही स्टिक जोरात फिरवाव्यात आणि टेलिमेट्रीवर (विमानातून ट्रान्समीटरवर येणाऱ्या माहितीत) रिसीव्हरचे किमान व्होल्टेज किती नोंदले गेले ते पाहावे.