मदत हवी आहे: आईला माचू पिच्चूचं पाणी दाखवायचंय, कोणता मार्ग घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात आईला घेऊन पेरूला जायचं ठरतंय. आई ६९ वर्षांची, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. गुडघे दुखतात, पण उत्साह दांडगा. सगळे काढतात तो वरून दिसणारा फोटो तिला नकोय. तिला बघायचाय पाण्याचा बंदोबस्त.

माचू पिच्चूला वर्षाला जवळजवळ २००० मिलिमीटर पाऊस पडतो, खाली उरुबांबा नदीची खोल दरी, आणि त्या उतारावर १४५० च्या सुमारास बांधलेली इंकांची वस्ती अजून उभी आहे. कशी, ते आईने मला गॅलरीत करून दाखवलं. रिकाम्या कुंडीत तळाला दगड, त्यावर खडी, मग वाळू, वर माती. तांब्याभर पाणी ओतलं. माती जागची हलली नाही, पाणी तेवढं खालच्या भोकातून ठिबकत राहिलं. "तिथली मजगी, म्हणजे उतारावरची पायऱ्यांची शेतं, अशीच भरलीय. पाणी आत तुंबलं असतं तर एक भिंत राहिली नसती," आई म्हणाली. अभ्यासकांच्या अंदाजाने तिथलं सुमारे ६० टक्के बांधकाम जमिनीखालीच आहे! झऱ्यापासून ७४९ मीटरचा पाट आणि पुढे एकाखाली एक १६ कुंडं, ही तर तिला तोंडपाठ आहेत.

पण आता तीच अडखळलीय. दगड झिजले म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये सूर्यमंदिर, कंडोर मंदिर आणि इंतिहुआताना हा कोरीव दगड असे तीन भाग बंद करावे लागले होते. इंतिहुआतानाचा तर २००० साली जाहिरातीच्या चित्रीकरणात क्रेन लागून कोपराच उडाला. तरी २०२४ पासून रोज ४५०० माणसं सोडतात, काही दिवशी ५६००. आई विचारते, "त्यात आपली दोघांची भर कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. पण आयुष्यभर कालवे बघितलेल्या बाईने हा पाट बघितलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

तर जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा. कुंडं जवळून कुठल्या सर्किटवरून (म्हणजे आत फिरायच्या ठरावीक मार्गावरून) दिसतात, दुसऱ्या की तिसऱ्या? तिसऱ्यावर पायऱ्या कमी आहेत म्हणतात, ते खरं का? आत स्वच्छतागृह नाही आणि एकदा बाहेर पडलं की त्याच तिकिटावर परत सोडत नाहीत, मग हळू चालणाऱ्या माणसाला किती वेळ धरावा? काठीला रबरी टोपण लागतं हे माहीत आहे, ते इथूनच नेऊ. कुस्को शहर ३४०० मीटर उंचीवर, म्हणून आधी खालच्या खोऱ्यात दोन दिवस राहावं का? जानेवारी २०१० च्या पुरात रेल्वे तुटून हजारो पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं होतं, म्हणून पावसाळा टाळून मे धरलाय.

आणि नुसत्या राजाच्या गोष्टी न सांगता पाटाबद्दल, निचऱ्याबद्दल नीट बोलणारा गाइड कुणाला भेटला असेल, तर तो कसा शोधलात तेही लिहा. आईने प्रश्नांची वही आत्ताच भरायला घेतलीय.