माय फनी व्हॅलेंटाइन: मुरकी घेऊ की नको?

मुरकीवाली
मंडळी, लहानपणी सातआठ वर्षं क्लासिकल शिकलेय, आता इथे न्यू जर्सीत हौस म्हणून म्युझिकल थिएटरच्या गाण्यांचा क्लास लावलाय. सध्या 'माय फनी व्हॅलेंटाइन' चालू आहे. जॅझवाला चेट बेकर ऐकून ऐकून तयारी केली, शेवटाला एक छोटीशी मुरकी, म्हणजे सुरांची झटकन घेतलेली गिरकी, पण टाकली (सवय हो!), तर बाईंनी पियानो थांबवला आणि विचारलं, हे तू कोणाला सांगतेयस? म्हटलं कोणाला म्हणजे, गाणं म्हणतेय. तर म्हणे आधी नुसतं बोलून दाखव. तीन क्लास झाले, अजून बोलतेच आहे, फी चालू 😀 हे थिएटरवाले नक्की काय वेगळं करतात?

तिसरीघंटा
बाई बरोबर आहेत. हे गाणं 1937 च्या 'बेब्स इन आर्म्स' नाटकातलं, चाल रॉजर्सची, शब्द हार्टचे. त्यात बिली नावाची मुलगी व्हॅल नावाच्या मुलाला म्हणते, म्हणजे व्हॅलेंटाइन हे त्याचं नावच! तुझं थोबाड हसण्यासारखं, फोटोत तू चांगला येत नाहीस वगैरे जे आहे ती समोर बसलेल्याची थट्टा आहे. चेट बेकर, सिनात्रा सुरुवातीचा व्हर्स (मुखड्याआधीचा प्रस्तावनेसारखा तुकडा) गाळून थेट मुखड्यावर येतात. जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डने 1956 ला व्हर्ससकट गायलंय ते ऐक, मुद्दाम जुनाट इंग्लिश आहे, आपल्या नाट्यपदांतल्या जडजंबाल मराठीसारखं, आणि त्यातच टपल्या मारल्यात. ते आधी आलं की पुढचं रडगाणं होत नाही. थट्टा करता करता तिचीच तंतरते, हा मनावर घेऊन बदलला तर, आणि तिथे 'स्टे' (असाच राहा) वर सूर एकदम वर जातो. तिथे मुरकी घेतलीस तर विनवणी कोण करणार?

पेटीमास्तर५२
ब्रॉडवेची गायिका बार्बरा कुक ऐका. 1956 ला 'कँडीड' या संगीत नाटकामध्ये तारसप्तकात अक्षरशः नाचली होती बाई, आणि म्हातारपणी तेवढा आवाज नसताना हीच जुनी गाणी गायची तेव्हा लोक जास्त रडायचे. कार्यक्रमाचं शेवटचं गाणं माइक बाजूला ठेवून म्हणायची. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये! शब्द पोचायचे.

वन्समोअर
मला नाही पटत. 'स्वयंवर' मध्ये बालगंधर्व 'नाथ हा माझा' ला वन्समोअरवर वन्समोअर घ्यायचे, लोक काय रुक्मिणीचं म्हणणं समजलं नाही म्हणून परत ऐकत होते? सूर ऐकायला बसायचे. आणि चेट बेकर तर काहीच 'करत' नाही, तरी पोटात कालवतं. थिएटरवाल्यांचं कधी कधी फार भुवया उडवणं होतं बुवा.

तिसरीघंटा
@वन्समोअर भुवयांचं मान्य 😂 पण बालगंधर्वांचा एक तरी शब्द जागेखाली (सुरांच्या नक्षीखाली) चेंगरलेला दाखवा. तान झाली तरी रुक्मिणी रुक्मिणीच राहायची. मुरकीला ना नाहीच, ती बिलीची हवी, क्लासमधली नको.

मुरकीवाली
अपडेट: व्हर्स पाठ केला, काल नवऱ्याला सोफ्यावर बसवून त्याच्याकडे बघत म्हटलं. फोटोच्या ओळीला मोबाइलमधून मान वर केली त्याने. 'स्टे' ला मीच अडखळले, मुरकी सुचलीच नाही.