सर्व्हचा जोर खरंच पायातून येतो का? नागपूरचे टेनिसवाले, बोला

डावखुरा_धरमपेठ
राजेहो, सकाळी कोणत्याही कोर्टावर जा, सर्व्ह (गुण सुरू करणारा फटका) शिकवताना एकच घोष कानावर येतो : 'गुडघे वाकव, वर उड!' दहा-अकरा वर्षांचे पोट्टे उठाबशा काढल्यासारखे खाली बसतात, उडी मारतात आणि चेंडू नेटात घालतात. घालणारच. टॉस, म्हणजे मारण्याआधी वर फेकलेला चेंडू, एकदा डोक्यामागे जातो, एकदा पार कोर्टाच्या आत. पकड फोरहँडची. आणि आपण पायांवर व्याख्यान देऊन राहिलो.

माझं मत स्पष्ट आहे. शिकणाऱ्याच्या सर्व्हमध्ये पायांना फार लवकर मान मिळतो. आधी टॉस, मग कॉन्टिनेंटल पकड (हातोडा धरल्यासारखी), मग खांदा आणि कोपराखालचा हात फिरवणं. पाय सगळ्यात शेवटी. पटत नसेल तर व्हीलचेअर टेनिस बघा. जपानचा शिंगो कुनिएदा २०२२ साली विम्बल्डनची व्हीलचेअर एकेरी जिंकला, पायांचा काडीचा उपयोग न करता.

फिजिओताई
भाऊ, कुनिएदाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. व्हीलचेअरवर खेळणाऱ्यांचा सगळा भार धड आणि खांदा उचलतात, आणि खांदेदुखी ही त्यांची नेहमीची तक्रार. ते पर्याय नाही म्हणून तसं करतात. आपल्या पोरांना दोन धडधाकट पाय असताना तीच शिक्षा कशाला?

पाय नेमकं काय करतात ते सांगते. पाय चेंडूला 'ढकलत' नाहीत. गुडघे सरळ होताना कंबर आणि धड वर जातं, पण रॅकेटचा हात मागे राहतो. त्यामुळे रॅकेट पाठीमागे अजून खोल पडते आणि खांद्याचे आत फिरवणारे स्नायू ताणले जातात. ताणलेला स्नायू सुटतो तेव्हा रॅकेटला वेग मिळतो. हा ताण पायांनी दिला नाही, तर खांद्याला तो स्वतःच्या जिवावर तयार करावा लागतो. सोळाव्या वर्षी खांदा धरून येणारी मुलं मी बघते. त्यांची सर्व्ह हळू नसते, उलट चांगली जोरात असते. नुसत्या हाताने मारलेली, एवढंच.

गणिती_बजाजनगर
थोडी भूमिती. बेसलाईनपासून (कोर्टाची शेवटची रेषा) नेट ११.८८५ मीटर, नेटपासून सर्व्हिस लाईन (जिच्या आत सर्व्ह पडायला हवी) ६.४० मीटर, नेट मधोमध ०.९१४ मीटर. चेंडू अगदी सरळ रेषेत, नेटला घासून, मधल्या रेषेवरून सर्व्हिस लाईनवर पाडायचा तर तो सुमारे २.६१ मीटर उंचीवर मारावा लागतो. गुरुत्वाकर्षण आणि टॉपस्पिन (चेंडूला पुढे गरगरवणारी फिरकी) चेंडू खाली आणतात म्हणून बुटक्यांचंही भागतं, पण फटक्याची प्रत्येक सेंटिमीटर उंची कामाची आहे. त्या हिशेबात उडी म्हणजे फुकटची उंची.

डावखुरा_धरमपेठ
उंचीच हवी असेल तर २.०८ मीटरचा अमेरिकन खेळाडू जॉन इस्नर जन्माला घाला! २०१६ च्या डेव्हिस कपमध्ये त्याने ताशी २५३ किलोमीटरची सर्व्ह मारली, त्यात पायांचा वाटा किती आणि आईवडिलांचा किती?

गणिती_बजाजनगर
इस्नरही मागचा पाय पुढच्या पायाजवळ ओढून जमिनीला रेटा देऊनच वर जायचा हो. उंच माणसाला पाय माफ नाहीत.

मानकापूरचा_कोच
दोन्ही बाजूंनी 'उडी' हा शब्द येऊन राहिला, तिथेच गडबड आहे. उडी हा परिणाम आहे. खाली जमिनीला रेटा बरोबर बसला की पाय आपोआप सुटतात. पोराला 'उड' म्हटलं की ते आधी उडतं आणि खाली येता येता मारतं. मग पायांनी दिलेलं सगळं वाया. गुडघे सर्वात जास्त वाकलेले असतात तेव्हा टॉसचा हात वर ताठ हवा आणि रॅकेट अजून पाठीमागे पडायची बाकी हवी. रेटा सुरू झाला की रॅकेट पडते. हा क्रम चुकला तर कितीही खोल बसा, काही हाती लागत नाही.

आता पायांची ठेवण. फेडरर, जोकोविच, सॅम्प्रस : दोन्ही पाय आपापल्या जागी, म्हणजे प्लॅटफॉर्म. मरे, इस्नर : मागचा पाय सरकवून पुढच्याजवळ, म्हणजे पिनपॉइंट. ब्रूस एलियट आणि वूड या संशोधकांनी १९८३ मध्येच दोन्ही मोजून दाखवलंय. पाय जवळ आणला की वर जाणारा जोर जास्त, मागे ठेवला की पुढे जाणारा जास्त. कोणती 'बरोबर' हा प्रश्नच नाही. पण बारा वर्षांखालच्यांना मी प्लॅटफॉर्मच देतो. हलणारा पाय म्हणजे टॉस बिघडवायला अजून एक निमित्त.

डावखुरा_धरमपेठ
सर, मग तुम्ही माझंच बोलून राहिले. टॉस आधी!

मानकापूरचा_कोच
अर्धं. मी नव्या मुलांना कधीकधी एक गुडघा टेकवून सर्व्ह मारायला लावतो, हाताची दिशा समजावी म्हणून. त्याच आठवड्यात उभं राहून रेटाही शिकवतो, अर्धे गुडघे वाकवून. सहा महिने नुसत्या हाताने मारलं की शरीराला तीच खोड लागते. मग पाय जोडायला गेलं की टॉस परत नव्याने बसवावा लागतो, कारण फटक्याची उंची आणि वेळ दोन्ही बदलतात. तुमचा 'पाय शेवटी' इथे महागात पडतो.

बेसलाईनचा_बाप्पा
तुमचं सगळं बरोबर हाये बाप्पा, पण पन्नाशीवाल्यायचं काय? सिमेंटच्या कोर्टावर, डावा पाय पुढं टाकून उतरायचं, सारा भार डाव्या गुडघ्यावर. मे महिन्यात सात वाजता कोर्ट तापून जाते, जोडे चिकटतात. मी गुडघे वाकवणं सोडलं, नुसता स्लाईस मारतो कोपऱ्यात, बाजूनं फिरकी देऊन. डबल्समध्ये समोरचे अजून शिव्या देतात.

फिजिओताई
काका, स्लाईस चालू द्या, सुंदर पर्याय आहे. पण पाय पूर्ण सोडू नका. रोहन बोपण्णाच्या गुडघ्यातली कूर्चा झिजलेली आहे. अय्यंगार योगाने त्याने स्वतःला उभं ठेवलं आणि २०२४ मध्ये ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकली, सर्व्ह हे मुख्य हत्यार घेऊन. थोडं वाका, टाचा उचला, उडू नका. आणि मांड्यांची ताकद कोर्टाबाहेर वाढवा.

बेसलाईनचा_बाप्पा
बोपण्णाले फिजिओ संगं फिरते ताई, मले सावजीचा रस्सा. पण टाचेचं करून पाहतो.

सिव्हिललाईन्स_सिंगल्स
कोणीच फूट फॉल्टचं, म्हणजे सर्व्ह मारताना पायाने होणाऱ्या चुकीचं, बोललं नाही! पिनपॉइंटवाल्यांचा सरकणारा पाय अर्ध्या वेळा रेषेवर असतो. नियम सोपा आहे : फटका लागेपर्यंत बेसलाईनला पाय लागायचा नाही, सेंटर मार्कची (बेसलाईनच्या मधोमध असलेली छोटी खूण) काल्पनिक रेषाही ओलांडायची नाही, आणि चालत किंवा धावत जागा बदलायची नाही. पाय थोडे हलले तर चालतं. आपल्याकडे पंच नसतो म्हणून खपतं. २००९ च्या यूएस ओपन उपांत्य फेरीत सेरेना विल्यम्सला दुसऱ्या सर्व्हवर फूट फॉल्ट मिळाला, समोरच्या किम क्लाइस्टर्सला मॅच पॉइंट झाला, पुढे वादावादीत दंडाचा गुण गेला आणि सामनाच संपला. पाय शिकवायचे असतील तर आधी रेषेच्या मागे शिकवा.

डावखुरा_धरमपेठ
याला माझं पूर्ण अनुमोदन. बाकी मत कायम आहे. २०२२ मध्ये बेलारूसची अरिना सबालेंका डबल फॉल्टांनी (दोन्ही सर्व्ह चुकून गुण जाणं) बेजार होती. बायोमेकॅनिक्सच्या (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) माणसाबरोबर सर्व्हची हालचाल नव्याने बसवली आणि २०२३ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. ताकद तिच्या पायांत आधीही होती, बिघडला होता तो ताळमेळ.

फिजिओताई
ताळमेळ कशाकशाचा, भाऊ? पाय धरूनच ना?

मानकापूरचा_कोच
रविवारी सहाला या दोघंही. भाऊंची पोरं नुसता टॉस-हात करतील, माझी पायांसकट. दहा-दहा सर्व्ह, रेषेवर सिव्हिललाईन्सवाले उभे राहतील. बाप्पा, तुम्ही चहा आणा.