दादाची दारू आधी सोडवायची की डोक्याचा इलाज आधी?

खानापूरकर:
थोरल्या भावाबद्दल विचारायचंय. वय ४१, गवंडीकाम करतो, सकाळी हात कापतात म्हणून चहाच्या आधी क्वार्टर लागते. गणपतीत आईनं शपथ घातली तशी सोडली, आणि तिसऱ्या रात्री गादीवरच्या मुंग्या वेचायला लागला, मुंग्या नव्हत्याच, वर म्हणे माळ्यावर कोण बसलंय. देवर्षीकडं नेलं, येताना वाटेत पिऊन आला आणि मुंग्या गेल्या! आता आईच म्हणते पिऊ दे बाबा. पण तो बारावीपासनंच, म्हणजे दारूच्या आधीपासनं, महिना-महिना गप्प बसून असायचा. डॉक्टर म्हणतात आधी दारू सोडवून आणा, व्यसनमुक्तीवाले म्हणतात मानसिक पेशंट घेत नाही. मग जायचं कुठं?

सिस्टर_वडगाव:
अहो ती देवस्की नव्हे, डिलिरियम ट्रेमेन्स. रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केलं की दुसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास होतं, फिट त्याच्याही आधी येऊ शकते, जीव जाऊ शकतो. पुन्हा घरी शपथ घालू नका, ॲडमिट करून गोळ्या देऊन दारू सोडवतात, सोबत बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. आणि कुणी जेवणात गुपचूप घालायची गोळी आणून दिली तर फेकून द्या, त्यावर तो प्यायला तर भलतंच होईल, डोकं बिघडलेल्याला तर आणखीच.

निपाणीचा_पाव्हणा:
सगळं खरं, पण मनात असलं तरच सुटते.

सुटलेला_एकटा:
पाव्हणं, माझ्या पण मनात होतं की, चार वेळा सोडली, चारही वेळा उदासी परत खेचून घेऊन गेली. शेवटी धारवाडला डिमहान्समध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी मानसिक आजारांच्या दवाखान्यात दाखवलं, तिथं दोन्हीचा इलाज एकत्र धरला तेव्हा कुठं जमलं. दारूनं आलेली उदासी बऱ्याचदा तीन-चार आठवड्यांत ओसरते, राहिली तर तो वेगळा आजार असू शकतो. म्हणून ते बारावीचं डॉक्टरला पहिल्यांदा सांगा, नाहीतर सगळं दारूच्या खात्यावर जातं. जायच्या आधी बोलायचं असेल तर टेलि-मानस ही सरकारी हेल्पलाईन, १४४१६, फुकट आहे, मराठीत पण बोलतात. मरायचं बोलत असला तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी न्या.

खानापूरकर:
परवा बोलला होता तसलं, मी दारूत बोलतोय म्हणून सोडून दिलं. उद्या सकाळच्याच गाडीनं निघतो. क्वार्टर न देता न्यायचा काय?

सिस्टर_वडगाव:
नको, वाटेतच फिट येईल. रोजच्यापेक्षा जास्त नको एवढं बघा, शेवटची कधी घेतली ते लिहून न्या. आज रात्री एकटा झोपवू नका, उंदराचं औषध, फवारणीचं औषध घरात असेल तर शेजाऱ्यांच्या घरी ठेवून या.

खानापूरकर:
बरं. आईला मुंग्यांचं वाचून दाखवलं. म्हणते, मग देवर्ष्याला दिलेलं कोंबडं फुकटच गेलं काय.