चार्ल्स स्टाइनमेट्झ यांच्या छंदांविषयी किती आणि कसे लिहावे?

प्रश्न

विद्युत अभियंते चार्ल्स स्टाइनमेट्झ यांच्यावर परिचयलेख लिहीत आहे. १८६५ मध्ये ब्रेस्लाऊ (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथे जन्म, समाजवादी चळवळीत सक्रिय असल्याने झुरिकला पलायन आणि १८८९ मध्ये अमेरिका, हा क्रम मांडून झाला. अडचण छंदांची आहे. निवडुंग आणि ऑर्किडचे काचघर, पाळलेल्या मगरी, छायाचित्रण, सायकल, होडी अशी यादी दिली की माणूस निव्वळ विक्षिप्त वाटतो. वगळली तर गणितापलीकडे काही उरत नाही. या छंदांचा त्यांच्या कामाशी संबंध होता का?

प्रतिसाद १

एका बाबतीत तरी निश्चित होता. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडीजवळ मोहॉक नदीच्या परिसरात त्यांची लाकडी झोपडी होती आणि तिथे होडीवर आडवी फळी टाकून ते तासन् तास आकडेमोड करीत. १९२० मध्ये त्या झोपडीवर वीज पडली व एका आरशाचे तुकडे झाले. दुसऱ्या कोणी ते झाडून टाकले असते. स्टाइनमेट्झ यांनी मात्र ते वेचून दोन काचांच्या मध्ये पुन्हा जुळवले आणि वीज कोणत्या मार्गाने गेली असावी याचा अभ्यास केला. १९२२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी आकाशातून पडणाऱ्या विजेसारखी कृत्रिम वीज निर्माण करून दाखवली. वीजवाहिन्यांचे आकाशातील विजेपासून रक्षण करणारी साधने तपासणे हा त्यामागचा हेतू होता. आपल्या लेखाचा मध्य मी इथेच धरला असता.

प्रतिसाद २

वरील प्रसंग उत्तम आहे, परंतु प्रत्येक छंदाला कामाची पावती जोडण्याची गरज मला पटत नाही. निवडुंगांचा शैथिल्य-हानीच्या (यंत्रातील लोखंडाचे चुंबकत्व सतत उलटसुलट होताना वाया जाणाऱ्या ऊर्जेच्या) नियमाशी काय संबंध? त्यांना ते आवडत, एवढे पुरेसे आहे. ठेंगणी उंची आणि पाठीचे कुबड यांमुळे न्यूयॉर्क बंदरातूनच त्यांना परत पाठवण्याची वेळ आली होती. सोबतच्या मित्राने हमी दिल्याने प्रवेश मिळाला. स्वतः लग्न न करता त्यांनी प्रयोगशाळेतील एका तरुण सहकाऱ्याला दत्तक घेतले, त्याचा संसार आपल्या घरी आणला आणि त्याच्या मुलांचे ते आजोबा झाले. मगरी आणि काचघर यांचे वर्णन या भरल्या घराच्या ओघात आले, तर विक्षिप्तपणाचा शिक्का बसणार नाही.

प्रतिसाद ३

एक सूचना. बिघडलेल्या यंत्रावर दोषाच्या जागी खडूची खूण करून त्यांनी भरमसाट बिल लावल्याची कथा कृपया टाळावी. ती सांगीव आहे आणि तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. त्याऐवजी १८९२ चा शैथिल्य-हानीचा नियम थोडा उलगडावा. तोपर्यंत यंत्र बांधून झाल्यावरच त्यातील हानी नीट कळे. पुढे ती आराखड्यातच काढता येऊ लागली.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. आरसा आणि होडी संशोधनाच्या भागात घेतो, निवडुंग व मगरी घराच्या भागात. खडूची कथा वगळली. ती झोपडी आज अस्तित्वात आहे का?

प्रतिसाद १

होय. हेन्री फोर्ड यांनी ती मिशिगनमधील डिअरबॉर्न येथील ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयात हलवली.